मागे साडेतीन-सतरा

मीटरवाल्यांच्या डोळ्यांनी दगा दिला तो नेमका मधल्या भागात. कडेचं सगळं दिसे. दाराची चौकट दिसे, खिडकीचा पडदा दिसे, बाजूला येऊन बसलेली मांजरसुद्धा दिसे. पण ज्याच्याकडे बघायला जावं तिथेच राखाडी ठिपका. समोरच्या माणसाचे कान दिसत, नाक दिसत नसे. ज्या माणसानं नोकरीची सगळी वर्षं लोकांच्या घरचे विजेचे मीटर वाचण्यात घालवली, त्यालाच हा आजार व्हावा, याला काय म्हणायचं? डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासले आणि सांगितलं, "जेवढं दिसतंय तेवढं टिकेल बहुतेक. पण गाडी चालवणं आजपासून बंद."

घरी आल्याबरोबर मीटरवाल्यांनी बोळात उभ्या असलेल्या मोटारसायकलवर ताडपत्री टाकली, तिला दोरी आवळली आणि आत जाऊन खुर्चीत बसले. ते बसले ते बसलेच. चार महिने झाले तरी उंबरठ्याबाहेर पाऊल नाही. जेवायला हाक मारली की यायचे, जेवून परत खुर्चीत. कुणी भेटायला आलं तर "डोळे दुखतात" म्हणायचे. डोळे दुखत नव्हते. दुखत होतं ते वेगळंच, पण त्यावर औषध विचारायला ते जाणार नव्हते.

त्यांची बायको शिवणकाम करायची. घराची पुढची खोली म्हणजेच तिचं दुकान. सगळी गल्ली तिला टेलरबाई म्हणायची. मशीनवर बसलं की तिला मधल्या दारातून खुर्चीचा एक हात आणि त्यावरचा नवऱ्याचा एक हात दिसायचा. तो हात दिवसभर हलत नसे. इतकी वर्षं ज्या माणसाला एका जागी बस म्हणून सांगून ती थकली होती, तो आता असा बसलेला तिला बघवत नसे.

गाडी त्यांच्या लग्नाआधीची, आणि तेव्हाही ती जुनीच होती. आता तर ती बनवणारा कारखानाही उरला नव्हता. त्याच गाडीवर मीटरवाले घरोघर हिंडले, आणि त्याच गाडीवर दर रविवारी दोघं गावाबाहेरच्या रस्त्यानं टेकडीपर्यंत जाऊन येत. ते पुढे, ती मागे. पुढचा रस्ता तिला कधी दिसलाच नाही. दिसायची ती तिनंच शिवलेल्या शर्टाची कॉलर. कॉलर जरा वाकडी बसलीय हे तिला टेकडी येईपर्यंत छळत राहायचं.

शेवटी टेलरबाईनं मनाशी ठरवलं. कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. कपडे पोचवायला जाते म्हणून बाहेर पडायची आणि मोटार ट्रेनिंगच्या शाळेत जाऊन लहानशा मोटारसायकलवर शिकायची. पहिल्या परीक्षेत नापास झाली, दुसऱ्यांदा पास. लायसन्स घरी आलं तेव्हा कुठे बातमी फुटली. समोर राहणारी तिची नणंद ते हातात घेऊन फोटो बघत म्हणाली, "वहिनी, फोटोत चोरासारखी दिसतेस. पण पहिली चक्कर माझी हं!"

"पहिली नाही, वन्सं. पहिली यांची."

खुर्चीतून आवाज आला, "मी नाही बसणार."

"का?"

"मागे बसायला मी काय पोतं आहे? तुला चालवायची तर खुशाल चालव. किल्ली खिळ्याला आहे. माझं नाव घेऊ नकोस."

आता यावर शब्दाला शब्द वाढवण्यात अर्थ नव्हता. टेलरबाईनं खिळ्यावरची किल्ली काढली आणि ताडपत्री सोडली. गाडीवर बसायला गेली, आणि खरी अडचण तेव्हा कळली. गाडी उंच, बाई बुटकी. दोन्ही पाय खाली सोडले तर अंगठ्यांची टोकं तेवढी जमिनीला लागत होती. एवढ्या वजनाच्या गाडीला अंगठ्यांच्या टोकांवर कोण सावरणार?

*

गावात जुन्या गाड्यांच्या चाकांचं काम एकच माणूस करायचा. स्पोक ओढून रिम सरळ करायची, नवी रिम बसवायची, टायर चढवायचा. कुठलंही चाक हातात आलं की तो आधी त्याला एक गिरकी द्यायचा आणि मान तिरकी करून बघत राहायचा. म्हणून त्याचं नाव गिरकी पडलं होतं. खरं नाव बहुधा त्याच्या बायकोलाच माहीत असावं. टेलरबाई गाडी ढकलत त्याच्याकडेच घेऊन गेली.

"टायरवर दोन आकडे असतात, ताई," गिरकीनं समजावलं. "पहिला टायरची जाडी, दुसरा रिमचं माप. तुमच्या गाडीला पुढे-मागे सव्वातीन-एकोणीस आहेत. म्हणजे टायर सव्वातीन इंच, रिम एकोणीस इंच. तुमचे पाय का पुरत नाहीत? कारण एकोणीसची रिम म्हणजे घोडा. तुमच्या पायाचं माप किती?"

टेप तर तिच्या गळ्यातच होती. तिनं भिंतीला पाठ लावून जांघेपासून टाचेपर्यंत माप घेतलं. "एकोणतीस."

गिरकीनं सीटची उंची मोजली. "तीस! मग झालंच की. एकच इंच कमी करायचाय. अठराची रिम टाकू. एकोणीसचं अठरा, एक इंच खाली. तशीच दोन चाकं माझ्याकडे पडलीत, तुमच्या गाडीला बसतील. आधी लावून बघा, पटलं तर ठेवा."

चाकं लावली. टेलरबाई गिरकीच्या दुकानापुढच्या अंगणात गाडीवर बसली आणि पाय खाली सोडले. पाय थोडे जास्त टेकले, पण टाचा अजून वरच. तिला वाटलं, घाबरल्यामुळे असेल. गाडी सुरू केली, दहा हात नेली, थांबवायला गेली. या जुन्या गाडीचा गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात, सगळं शाळेतल्या गाडीच्या उलटं. त्या गडबडीत डावा पाय टेकायला उशीर झाला, आणि टेकला तोही चवड्यावर. गाडी झुकली ती झुकतच गेली. गिरकीनं धावत येऊन हँडल धरलं म्हणून बाई गाडीखाली आली नाही. गुडघा मात्र सोलून निघाला आणि पोलक्याची शिवण उसवली. समोरच्या वखारीतली माणसं काम सोडून बघत होती.

"होतं असं," गिरकी म्हणाला. "सवय झाली की..."

"अहो, पाय लांब व्हायची कुठे सवय असते का?" टेलरबाई म्हणाली. तिला रडू येत होतं, आणि इतक्या लोकांसमोर रडायचं नव्हतं.

*

गिरकीनं गाडी घरी आणून सोडली. टेलरबाईनं तिच्यावर ताडपत्री टाकली आणि दोरी बांधायला घेतली. आतून खुर्ची करकरली.

"दोरी कशाला बांधतेस?"

"माझा नाद सुटला म्हणून."

"पडलीस का?"

"नाही."

"मग लंगडतेस कशाला? पावलांचा आवाज येतोय मला. कान शाबूत आहेत माझे."

ती गुडघ्यावर ओला कपडा धरून पायरीवर बसली. मीटरवाल्यांना राहवेना. आकड्यांचा माणूस तो, कुठला तरी आकडा चुकलाय हे कळल्यावर त्याला अन्न गोड लागणं शक्यच नव्हतं.

"गिरकीनं किती कमी केलं?"

"अठराच्या रिम टाकल्या. एक इंच."

"एक नाही, अर्धा! चाक गोल असतं, त्याचा दांडा मध्ये असतो. इंचातला अर्धा दांड्याच्या वर, अर्धा खाली. सीट खाली येणार ती खालच्या अर्ध्यानं. एवढी साधी गोष्ट त्या गिरकीला कळू नये? तो पहिल्यापासून असाच. पण अर्ध्या इंचानं कुणी पडत नाही. तुझ्या पायाचं माप किती घेतलंस?"

"एकोणतीस."

"कुणाचं?"

"माझं! दुसऱ्या कुणाचं घेणार?"

"तुझा पाय एकोणतीस? अगं, तू माझ्या खांद्याला लागतेस." मीटरवाले खुर्चीतून उठले. चार महिन्यांत पहिल्यांदा ते जेवणाशिवाय दुसऱ्या कारणासाठी उठले. भिंतीला हात लावत बोळात आले. "घे परत. माझ्यासमोर घे. आणि मोठ्यानं बोल."

तिनं टेप धरली. खाली वाकून बोटानं आकडा पकडला. "अठ्ठावीस. आणि एक..."

"एक कसला?"

ती तशीच वाकलेली राहिली. मग हळूच म्हणाली, "अगं बाई."

"माया!" मीटरवाले ओरडले. "माया धरलीस ना? पायजमा शिवतेस का स्वतःच्या पायाचा?"

तसंच झालं होतं. इतकी वर्षं ती पायजम्याचं माप घेत आली होती, आणि प्रत्येक मापात खाली दुमडायला इंचभर कापड जास्त धरत आली होती. शिवणकामात त्या जास्तीच्या कापडाला माया म्हणतात. माया ठेवली नाही तर कपडा पुढे सैल करता येत नाही, उसवला तर परत शिवता येत नाही. हाताला आणि जिभेला इतकी सवय झालेली की भिंतीला पाठ लावून स्वतःचा पाय मोजतानाही तोंडातून मायेसकट माप बाहेर पडलं.

"भिंतीआडून ऐकत आलोय मी," मीटरवाले म्हणाले. "'इंचभर माया सोडते हं, पोरगा वाढतोय.' रोज दहा वेळा. अगं, कापडाला माया असते. पायाला कुठली माया?"

"नसते खरी," ती म्हणाली आणि हसायला लागली. गुडघा दुखत होता तरी हसू आवरेना. "तुमचा पाय तर चार महिने खुर्चीतून हलला नाही. कुणाची माया आली नाही त्याला."

हा टोला बरोबर लागला. मीटरवाल्यांनी तो ऐकून न ऐकल्यासारखा केला, पण ते परत खुर्चीकडे गेले नाहीत. तिथेच पायरीवर तिच्या शेजारी टेकले आणि बोटांवर मोजू लागले. "म्हणजे मुळात दोन इंच कमी करायचे होते, आणि तुम्ही दोघा शहाण्यांनी केला अर्धा. बरोबर पडलीस. अगदी हिशेबात पडलीस."

*

दुसऱ्या दिवशी गिरकी आपली चाकं न्यायला आला तेव्हा मीटरवाल्यांनी त्याला आधी फैलावर घेतलं. गिरकीनं कपाळाला हात लावला. "बरोबर आहे, साहेब. बोलायच्या ओघात पूर्ण इंच म्हणून गेलो."

मग तिघांनी बोळात बैठक मारली. दोन इंच कुठून काढायचे? टेलरबाई म्हणाली, इंचभर सीटमधून मी काढते. आतला फोम कापायचा, आणि पुढून सीट निमुळती करायची, म्हणजे पाय फाकत नाहीत, सरळ खाली जातात. कापायचं आणि शिवायचं काम कुणी तिला शिकवायला नको होतं. पाव इंच बुटाच्या तळव्यात मिळेल. राहिला पाऊण इंच. तो चाकातूनच निघायला हवा.

गिरकी उकिडवा बसला. "पुढे सोपं आहे. अठराची रिम, तीनचा टायर. रिमही लहान, टायरही बारीक. पाऊण इंच बरोबर उतरतो. मागे मात्र दोन रस्ते आहेत. एक तर पुढच्यासारखंच, तीन-अठरा. नाहीतर साडेतीन-सतरा. रिम आणखी एक नंबर लहान, पण टायर जाड."

"मग उंचीत फरक?" टेलरबाईनं विचारलं.

मीटरवाल्यांनी गिरकीच्या आधीच तोंडातल्या तोंडात हिशेब केला. "काही नाही. टायर रिमच्या वर एकदा, खाली एकदा धरला की दोन्हीकडून चोवीसच होतात. तीन-अठरा म्हटलं तरी चोवीस, साडेतीन-सतरा म्हटलं तरी चोवीस. तुझे पाय दोन्हीकडे सारखेच टेकतील."

"मग दोन रस्ते कशाला सांगताय, भाऊ?"

"वजनासाठी, ताई." गिरकीनं मागच्या चाकाला सवयीनं एक गिरकी दिली. "एकट्या माणसाला तीनचा टायर पुरतो, उलट गाडी हलकी पळते. पण मागे कुणी बसणार असेल तर तीनचा नको. खड्ड्यात रिम मार खाईल. मग साडेतीनच हवा. तेव्हा आधी सांगा, तुम्ही एकट्या चालवणार की डबलसीट?"

चाक फिरत फिरत थांबलं. टेलरबाई नवऱ्याकडे बघत होती. नवरा भिंतीकडे बघत होता. म्हणजे त्याला भिंत दिसत नसणारच, कडेला बसलेली बायकोच दिसत असणार, पण त्यानं तसं दाखवलं नाही. ज्या माणसानं आत्ता बसल्या बसल्या सगळ्या आकड्यांचा फडशा पाडला होता, तो एवढ्या एका प्रश्नावर मूग गिळून बसला.

तिनं वाट बघितली. नको तितकी बघितली. मग उठून लुगड्याची धूळ झटकली.

"तीन-अठरा करा," ती गिरकीला म्हणाली. "मी एकटीच आहे."

हे तिनं टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. तिला खरंच वाईट वाटलं होतं, आणि आपल्याला वाईट वाटलंय हे लपवायचा तिला कंटाळा आला होता. गाडी चालली म्हणजे नवरा खुर्चीतून उठेल, एवढ्याचसाठी तिनं हा सगळा खटाटोप मांडला होता. गाडी चालणार होती, आणि खुर्चीही तिथेच राहणार होती.

"रिम उद्या मागवतो," गिरकी म्हणाला आणि गाडीला जुनी चाकं परत लावून, खाली मान घालून आपली चाकं घेऊन गेला. संध्याकाळभर नवरा-बायको दोघंही नको तितक्या सभ्यपणे बोलत राहिले. मीठ घ्या, पाणी देऊ का, नको, असू दे.

*

सकाळी टेलरबाई एका गिऱ्हाइकाच्या झब्ब्याला काजं करत होती. मान वर करून मधल्या दारातून बघितलं तर खुर्चीच्या हातावर हात नव्हता. तिला वाटलं, न्हाणीघरात असतील. काज पूर्ण केलं. परत बघितलं. हात नव्हताच. आत जाऊन हाका मारल्या, परसात बघितलं, समोरचं दार ठोठावलं.

"वन्सं, हे तुमच्याकडे आलेत का?"

"दादा? दादा कशाला बाहेर पडतोय!" नणंदेनं उलट विचारलं आणि तिचाही चेहरा उतरला.

चपला जागेवर नव्हत्या. मधलं ज्याला दिसत नाही असा माणूस, बाहेर रहदारी, वाटेत खोदून ठेवलेली गटारं. ती अनवाणीच रस्त्यावर आली. डावीकडे जावं की उजवीकडे, हेही तिला कळेना. तेवढ्यात दुकानातला फोन वाजायला लागला. ती धावत परत आली.

"ताई, गिरकी बोलतोय. मीटरवाले माझ्याकडे येऊन बसलेत."

जवळ खुर्ची नव्हती, ती कापडाच्या गठ्ठ्यावरच बसली. "एकटे आले?"

"एकटेच. भिंतीला धरून धरून आले. वखारीपाशी एका हातगाडीला धडकले म्हणतात, आणि त्या गाडीवाल्यालाच चार शब्द सुनावून आले." गिरकीनं आवाज खाली आणला. "ताई, तुमची रिम मागवायला फोन उचलला होता मी. हे म्हणतात थांब. म्हणतात मागची साडेतीन-सतरा कर. मी म्हटलं, ताई तर तीन-अठरा सांगून गेल्या. तर म्हणतात, रात्री चेनच्या बाजूला बोट घालून बघितलंय मी, साडेतीनचा टायर कुठेही घासत नाही, बोटभर जागा आहे. मी म्हटलं, साहेब, प्रश्न घासण्याचा नव्हता. तर माझ्यावरच खेकसले. काय करू? साडेतीन-सतरा करू ना?"

नणंद दारात उभी राहून हातानं विचारत होती, काय झालं, काय झालं.

"करा," टेलरबाई म्हणाली. "आणि त्यांना म्हणावं तिथेच बसा. मी न्यायला येते."

पलीकडून मीटरवाल्यांचा आवाज आला. बहुतेक फोनपाशीच कान देऊन बसले होते. "न्यायला कशाला? मी काय पोतं आहे?"

*

रिम आल्या, चाकांच्या मधल्या हबला नवे स्पोक ओढले गेले. मागचा जाड टायर चढवून गिरकीनं दोन्ही चाकांना मनसोक्त गिरक्या दिल्या. गाडी खाली आली म्हणून ती उभी करायचा स्टँड लांब पडायला लागला, तो वेल्डरकडून कापून आणला. टेलरबाईनं सीट उसवली, फोम कापला, पुढून निमुळती केली आणि जाड दोऱ्यानं परत शिवली. मीटरवाल्यांनी सीटवरून हात फिरवून शिवण तपासली आणि एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी कुणाला कधी मिळाली नव्हती.

"एक लक्षात ठेव," ते एवढंच म्हणाले. "चाक लहान झालंय. वेगाचा काटा आता जास्त दाखवणार."

"म्हणजे?"

"म्हणजे तू हळू चालवशील आणि तुला वाटेल जोरात जातेय. तुझ्यासारखीला तेच बरं."

रविवारी सकाळी टेलरबाई गाडीवर बसली आणि तिनं पाय सोडले. दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकले. तिनं गाडी थोडी डावीकडे झुकवून बघितली, थोडी उजवीकडे. गाडी तिची होती. किक मारायला मात्र मीटरवालेच लागले. तो पाय अजून कसलेला होता, दुसऱ्या किकला इंजिन धडधडायला लागलं. मग आली मागे बसायची वेळ. इतक्या वर्षांत ते या गाडीवर मागे कधी बसलेच नव्हते. आधी पाय चुकीच्या बाजूनं टाकला. मग हात कुठे ठेवायचे ते कळेना. मांडीवर ठेवले, सीटखाली धरून बघितलं.

"मला धरा," टेलरबाई म्हणाली. "मी इतकी वर्षं तुम्हाला धरलं, मला कधी लाज वाटली नाही."

त्यांनी तिच्या खांद्यावर एक हात ठेवला. नणंद दारातून ओरडली, "दादा, पडू नकोस रे!" आणि गाडी निघाली.

गावाच्या वेशीपर्यंत ते सूचनाच करत राहिले. क्लच सोड. दुसरा टाक. दुसरा! अगं, उजव्या पायानं. हॉर्न दे. खरं तर पुढचं त्यांना काही दिसत नव्हतं, इंजिनाच्या आवाजावरून बोलत होते, आणि चूक काढत होते तीही बरोबर काढत होते. टेलरबाई "हो, हो" म्हणत होती आणि जन्मात पहिल्यांदा पुढचा मोकळा रस्ता बघत होती. मध्ये कुणाची कॉलर नव्हती.

वेस मागे पडली आणि सूचना बंद झाल्या. बराच वेळ मागून आवाज आला नाही. खांद्यावरचा हात होता, पण सैल. तिला धास्ती वाटली. राग आला असेल का? की आतल्या आत कुढत बसलेत? आरशात बघायला गेली तर आरशात नुसतं आभाळच दिसलं. तिनं गाडी हळू केली.

"अहो?"

"अं?"

"गप्प का?"

"डावीकडे तळं आहे," मीटरवाले म्हणाले.

"आहेच की."

"काठानं झाडं आहेत. पाण्यावर पांढरे पक्षी." त्यांचा आवाज काहीतरी वेगळाच लागला होता. मागे बसलेल्या माणसाला समोर बघायचं कारणच नव्हतं. तो बाजूला बघत होता, आणि बाजूचं सगळं त्याला अजून दिसत होतं. "हे कधी झालं इथे?"

"तुमच्या गाडीच्याही आधीपासून आहे. मी दर रविवारी बघते."

"मला कधी दिसलं नाही."

"तुम्ही पुढे बघत होतात."

आता खांद्यावरचा हात घट्ट झाला, आणि मग दुसराही हात दुसऱ्या खांद्यावर आला. तळं संपून विटांची लांब भिंत लागली. भिंतीवर कुणीतरी वाळत घातलेल्या निळ्या चादरी होत्या. त्यांनी मान वळवून त्याही शेवटपर्यंत बघितल्या.

"अजून काय काय आहे गं या रस्त्याला?" त्यांनी विचारलं.

टेलरबाईनं उजव्या पायानं गिअर टाकला. बरोबर पडला.

"नीट धरून बसा," ती म्हणाली. "दाखवते."